तळ्यात खेळून आल्यावर अंगाला खाज

प्रश्न : मी सध्या मिशिगनला मुलाकडे आले आहे. नातू दुपारभर जवळच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात खेळला. घरी येईपर्यंत पोटऱ्यांवर टाचणी टोचल्यासारखे लाल ठिपके उठले, रात्री गांधी आल्या. सून म्हणते, बदकांमुळे होतं. धाकटी नात अजून अंगावर पिते. तिला लागण होईल का? टॉवेल वेगळे ठेवू का?
— एक आजी

उत्तर : आजी, टॉवेल वेगळे ठेवायची गरज नाही. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही. सूनबाईंचं म्हणणं बरोबर आहे, पण ते निम्मंच. बदकांच्या रक्तात एक जंत राहतो. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात, त्यांतली अळी पाणगोगलगायीत शिरून वाढते आणि नवं रूप घेऊन बाहेर पडते. प्रयोगशाळेत मी हे विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. अशी गोगलगाय काचेच्या भांड्यात घालून उजेडात ठेवली, की काही वेळाने पाण्यात बारीक अळ्या वळवळू लागतात, प्रत्येकीच्या शेपटीला दोन फाटे. त्यांना हवं असतं बदक. सापडते नातवाची पोटरी. कातडीत घुसतात आणि तिथेच मरतात. शरीर त्यांना विरोध करतं, त्याची ही खाज. म्हणून पुढच्या खेपेला ती जास्त सुटते. परजीवी जंतांचे अभ्यासक विल्यम कोर्ट यांनी १९२८ साली हे उलगडलं, तेही मिशिगनमधल्याच डग्लस तळ्यावर.

मला मात्र बदकांपेक्षा काठावरच्या लॉनची काळजी वाटते. लॉनचं खत आणि सेप्टिक टाकीतलं पाणी तळ्यात उतरतं, त्यातल्या फॉस्फरसवर शेवाळ माजतं आणि शेवाळावर गोगलगायी पोसतात. गोगलगायी वाढल्या की अळ्याही वाढणारच. मिशिगनमध्ये २०१२पासून लॉनला फॉस्फरसचं खत घालण्यावर बंधनं आहेत. मुलाला खताच्या पिशवीवरचे तीन आकडे बघायला सांगा. मधला आकडा फॉस्फरसचा, तो शून्यच हवा. शेजाऱ्यांनाही सांगा, तळं सगळ्यांचं आहे.

नातवाला कॅलामाइन लावा, गार पाण्याच्या घड्या ठेवा, नखं कापा. आठवडाभरात बहुधा उतरेल. पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. पुन्हा तळ्यावर गेलात तर काठाच्या उथळ, शेवाळलेल्या पाण्यात त्याला खेळू देऊ नका, आणि बाहेर आल्या आल्या अंग खसखसून पुसा, उन्हात वाळवू नका. बदकांना पाव टाकणंही बंद करा. खाऊ मिळाला की ती पोहण्याच्या जागीच मुक्काम ठोकतात.