पहिल्यांदाच परफ्यूजन करतोयस? आधी सुई बघ

परफ्यूजन म्हणजे मेंदूत रक्त कसं पोचतंय ते दाखवणारा एमआरआय. त्यातले टीमॅक्स (रक्त किती उशिरा पोचतंय), सीबीएफचे (रक्ताचा प्रवाह किती) रंगीत नकाशे सध्या बाजूला ठेव. ते समजतील हळूहळू. स्ट्रोकच्या पेशंटचा परफ्यूजन स्कॅन बिघडतो तो बऱ्याचदा हातातल्या सुईपाशी.

- वॉर्डातून पेशंट निळी, २२ नंबरची सुई लावून येतो. गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट औषध) सोडायचं सेकंदाला ४-५ मिलि. तिथं ती टिकत नाही. कोपरापाशी मोठ्या शिरेत हिरवी १८ किंवा गुलाबी २० लाव, आणि सलाईन ढकलून शीर फुगत नाही ना ते बघ.
- स्कॅन आधी सुरू, इंजेक्शन नंतर. औषध पोचण्याआधीच्या काही फ्रेम्स नसतील तर तुलना कशाशी करणार? माझा पहिला असाच वाया गेला.
- डिफ्यूजन (मेंदूचा इजा झालेला भाग दाखवणारा स्कॅन) सगळ्यात आधी. पेशंट वैतागला तरी तेवढं हाती राहतं.

डोकं हललं की डेटा गेला. आणि आपल्या सोलापुरात नुसतं 'हलू नका' पुरत नाही रे! पूर्व भागातल्या आजींना तेलुगूत 'तल कदपकंडी' म्हण, अक्कलकोटकडच्या आजोबांना कानडीत 'तले अल्लाडिसबेडी'. मशीन म्हणजे मोठं चुंबक, म्हणून पेसमेकर तर विचारशीलच, पण खिशातली पत्र्याची चुन्याची डबी कोणी आपणहून सांगत नाही. खिसे स्वतः तपास.