‘नॉर्मल’ म्हणजे नेमकं काय, हे डॉक्टरांना विचार

प्रिय,

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण छातीत दुखायचं थांबत नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तर पहिल्यांना वाईट वाटेल का?’ तुझ्या पत्रातलं हे वाचून मी थोडा अस्वस्थ झालो. दुखणं तुला होतंय आणि काळजी त्यांच्या मनाची करतोस.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. छातीवर दडपण येऊन काही मिनिटांत ओसरलं नाही, दरदरून घाम सुटला, दम लागला, चक्कर आली, किंवा कळ हातात, जबड्यात, पाठीत गेली, तर दुसऱ्या मताची वाट पाहायची नाही. तेव्हा रुग्णवाहिका बोलवायची आणि थेट तातडीच्या विभागात जायचं. स्वतः गाडी चालवायची नाही. दुसरं मत हे अशी घाई नसलेल्या, पण पाठ न सोडणाऱ्या दुखण्यासाठी असतं.

आता ‘नॉर्मल’बद्दल. साधा ईसीजी हृदयाची जेमतेम 10 सेकंदांची नोंद करतो, तीही तू शांत पडून असताना. तुझी छाती दुखते जिना चढताना. त्याबद्दल ती पट्टी फारसं काही सांगू शकत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं, पण त्याला काही तास लागतात, म्हणून लवकर घेतलेला नमुना ठरावीक वेळाने पुन्हा तपासतात. अँजिओग्राफीत, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या एक्स-रे तपासणीत, मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात, अगदी बारीक दिसत नाहीत. शिवाय काहींची रक्तवाहिनी मधूनच आकसते आणि मग पूर्ववत होते. विश्रांतीत येणाऱ्या अशा दुखण्याचं वर्णन प्रिन्झमेटल या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांनी 1959 मध्येच केलं होतं.

याचा अर्थ तुला हृदयविकार आहेच, असा मुळीच नाही. अन्ननलिका आणि हृदय यांच्या वेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागात पोचतात, त्यामुळे आम्ल वर आलं तरी हृदयच दुखतंय असं वाटू शकतं. जिभेखाली ठेवायच्या, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळीने बरं वाटलं म्हणजे दुखणं हृदयाचंच, हेही खरं नाही. ती गोळी अन्ननलिकेचे स्नायूही सैल करते. बरगड्यांच्या कूर्चेला (मऊ हाडाला) सूज असेल तर बोटाने दाबल्यावर तिथेच दुखतं. पॅनिक अटॅकमध्येही, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यातही, छाती खरोखर दुखते. मात्र ‘बाकी काही सापडलं नाही, म्हणजे मनाचंच’ हे निदान मला पटत नाही. पॅनिक अटॅकलाही स्वतःची लक्षणं असतात आणि ती विचारावी लागतात.

माझी एक चूक सांगतो. तरुण डॉक्टर असताना एका मुलाला मी ईसीजी पाहून घरी पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला एवढंच विचारलं, ‘आडवं पडल्यावर वाढतं का? पुढे वाकून बसल्यावर कमी होतं का?’ दोन्हींचं उत्तर हो होतं. हृदयाच्या आवरणाला सूज होती. त्या आजारात ईसीजी नॉर्मल येऊ शकतो हे मला माहीत होतं. मी प्रश्नच विचारला नव्हता. मला वाईट वाटलं ते माझ्या घाईचं, तो दुसरीकडे गेला याचं नाही.

म्हणून जा. जाताना निष्कर्षाचे कागद तर ने, पण ईसीजीची मूळ पट्टी आणि स्कॅनची सीडीही मागून घे. पट्टीची झेरॉक्स काढ, तो कागद कालांतराने फिकट होतो. चालू गोळ्यांची यादी ने. पहिलं निदान लपवू नकोस, पण बोलायची सुरुवात त्याने करू नकोस. आधी दुखणं सांग, म्हणजे समोरचा माणूस स्वतः विचार करेल. हृदयाची तपासणी खरोखर नीट झाली असेल, तर आणखी एका कार्डिओलॉजिस्टपेक्षा सगळं शरीर एकत्र पाहणारा चांगला फिजिशियन तुझ्या जास्त उपयोगाचा आहे, असं मला वाटतं. त्यांना सरळ विचार: ‘या तपासण्यांवरून कोणते आजार नक्की नाहीत असं ठरलं, आणि कशाबद्दल अजून ठरलेलं नाही?’

दोन्ही मतं जुळली नाहीत तर घाबरून तिसऱ्या दारी धावू नकोस. फरक कशामुळे पडला, ते त्या दोघांनाच विचार.

आज रात्री एक कागद घे आणि लिही: दुखणं कधी सुरू झालं, किती वेळ टिकतं, कुठे सरकतं, चालल्यावर, जेवल्यावर, खोल श्वास घेतल्यावर काय होतं, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला का. लिहून झालं की फोन कर आणि मला वाचून दाखव.

तुझा,
डॉक्टरकाका