वाचकांचे प्रश्न : होडी जड झाली, फोम काढू की राहू देऊ?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १६ फुटी फायबरची होडी आहे. उजनीच्या फुगवट्यात मासेमारी करतो, हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांनाही फिरवतो. हल्ली होडी मागून बसते, इंजिनाला ओढ लागते. बुडाला गळती कुठंच नाही. एक जण म्हणतो, फ्लोअरखालच्या फोमात पाणी मुरलंय, भोकं पाडून उन्हात ठेव, वाळेल. फोम काढावाच लागेल का? काढला तर परत भरायचा का?
– एक वाचक, करमाळा तालुका

उत्तर : दादा, भिजला असेल तर काढावाच लागेल, आणि भिजलेल्या शेवटच्या तुकड्यापर्यंत काढावा लागेल. भोकं पाडून वाळवायचा सल्ला सोलापुरात माझ्या कानावर कायम येतो. आपलं ऊन बघता तो पटतोही. पण या फोमाचे कप्पे बारीक आणि बंद असतात. इंजिनाच्या हादऱ्यांनी, वयानं त्यांच्या भिंती फुटत जातात आणि पाणी हळूहळू आत मुरतं. वर फ्लोअर, खाली बूड. वारा लागायला जागा नाही. सबंध मे महिना होडी तापवलीत तरी वरची दोन बोटं वाळतील, खालचा चिखल तसाच राहील.

वजनाचा हिशेब बघा. कोरडा पीयू (पॉलियुरेथेन) फोम घनमीटरला साधारण ३२ किलो भरतो. तुमच्या होडीत समजा ३०० लिटर फोम आहे, तर त्याचं वजन जेमतेम १० किलो. त्यातल्या निम्म्या जागेत पाणी शिरलं की १५० किलो वाढले. दोन धट्टीकट्टी माणसं कायमची मागच्या बाजूला बसवून ठेवल्यासारखं आहे हे.

कापाकापीआधी खात्री करा. ट्रेलरसकट होडी उसाच्या वजनकाट्यावर घ्या, मग नुसत्या ट्रेलरचं वजन करा. घेताना होडीचं वजन किती होतं हे कागदावर असेल तर फरक लगेच कळेल. नसेल तर मागच्या बाजूला, जिथं तळ सगळ्यात खोल आहे तिथं, फ्लोअरला होल-सॉनं, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीनं, दोन इंची भोक पाडा आणि फोमाचा गाभा बाहेर काढा. ड्रिलला टेप गुंडाळून खोली ठरवून घ्या, नाहीतर बुडालाच भोक पडायचं. चांगला फोम फिकट पिवळसर, हातात घेतला तरी जाणवत नाही इतका हलका. भिजलेला तपकिरी पडतो, गाळाचा वास येतो, आणि अंगठ्यानं दाबला की बोटाभोवती पाणी जमतं. पुढच्या बाजूलाही एक नमुना घ्या. तिथला कोरडा असेल तर तेवढा भाग वाचेल.

फ्लोअर कापायच्या आधी होडीला बुडाच्या आकाराप्रमाणे चार-पाच ठिकाणी नीट टेकू द्या. फ्लोअर आणि फोम मिळून होडीला ताठपणा देतात. ते निघाले की बूड पिळतं, आणि पिळलेल्या अवस्थेत नवं फ्लोअर बसलं तर होडी जन्मभर वाकडी चालते. हातोडीनं ठोकत स्ट्रिंगर, म्हणजे तळातले उभे वासे, कुठून जातात ते खडूनं आखून घ्या. त्यांना पातं लागू देऊ नका. पात्याची खोली फ्लोअरच्या जाडीएवढीच ठेवा आणि कडेनं दोन-तीन इंचांची पट्टी सोडा. नवं फ्लोअर त्याच पट्टीवर चिकटणार आहे.

फोम काढायला भारी हत्यार लागत नाही. लांब पात्याची जुनी करवत, सपाट फावडं, छोटी पहार. करवतीनं विटांएवढे चौकोन पाडायचे, फावडं बुडालगत सरकवायचं आणि वीट उचकटायची. पहार बुडावर टेकवून जोर लावू नका, फायबर तडकतं. कोपऱ्यात चिकटलेला फोम पटाशीनं खरवडा, शेवटी ४० नंबरच्या पॉलिश पेपरनं ग्राइंडर फिरवा. हे काम हातानंच होतं. पेट्रोल किंवा थिनर ओतून हा फोम विरघळत नाही. आणि जाळायचा तर विचारही करू नका, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं. ग्राइंडर चालवताना पूर्ण बाह्या, चष्मा आणि चांगला धुळीचा मास्क हवाच. तोंडाला रुमाल बांधून फायबरची धूळ अडत नाही. निघालेला फोम पोत्यांत भरा, धरणाच्या काठावर टाकू नका. किती पोती भरली ते लिहून ठेवा, पुढं लागेल.

आता स्ट्रिंगर आणि इंजिन बसतं ती मागची फळी तपासा. आत लाकूड असतं. ठोकल्यावर बद्द आवाज आला किंवा स्क्रू-ड्रायव्हर सहज रुतला तर ते कुजलंय, बदलायला हवं. पाणी शिरलं कुठून तेही इथंच शोधा: बहुतेकदा सीटचे स्क्रू किंवा फ्लोअरच्या कडेची चीर. वाळवायला आपला एप्रिल-मे उत्तम. वाळलं की नाही बघायला प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर चिकटवा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबा.

फायबरचं काम स्वतः करणार असाल तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: कोबाल्ट आणि हार्डनर, म्हणजे फायबरचं रेझिन घट्ट व्हायला त्यात घालतात ती दोन रसायनं, थेट एकत्र करायची नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर.

परत भरायचा का? माणसं बसणार असतील तर भरायचाच. फायबर स्वतः तरंगत नाही, पाण्याहून जड आहे. होडी पाण्यानं भरली तर तिला वर धरणारा हा फोमच असतो, लिटरमागे जवळजवळ १ किलो. २१ मे २०२४ ला कळाशी-कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून ६ जण गेले, तेच पाणी तुमचं आहे. लाईफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर आणि तरंगायची ताकद होडीच्या पोटात, दोन्ही हवं.

जेवढी पोती निघाली त्याहून कमी फोम भरू नका. दोन भागांचा, होड्यांसाठीचा बंद कप्प्यांचा पीयू फोम घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे-डबा चालत नाही, तो खोल जागेत नीट धरत नाही आणि पाणी पितो. पहाटेच्या गारव्यात थोडा थोडा ओता. उन्हात तो मिसळता मिसळताच फुगतो, आणि एकदम ओतला तर फ्लोअर उचलतो. त्याची वाफ फुप्फुसांना वाईट, साधा धुळीचा मास्क पुरत नाही, वाफेच्या फिल्टरचा लावा. सगळा फोम तळातच भरू नका. थोडा दोन्ही काठांखाली बसवला तर पाणी भरलं तरी होडी सरळ राहते. तळाला मात्र फोमाखालून पाणी मागं वाहून यायला वाट आणि तिथं बूच ठेवा.

गिऱ्हाईक बसवण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात, इंजिन उतरवून, त्याच्या वजनाची वाळूची पोती मागं ठेवून होडी पाण्यानं भरून बघा. काठ वर राहिले पाहिजेत.

प्रश्न : फोम महाग पडतो. थर्माकोलचे तुकडे भरले तर?
– एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर : सुटे तुकडे नकोत. फायबरच्या कामातलं पॉलिस्टर रेझिन लागलं की थर्माकोल विरघळतो, पेट्रोलच्या थेंबानंही तेच होतं, आणि मण्यामण्यांमधून पाणी शिरतं. पैशांचीच अडचण असेल तर दाट एक्सपीएसच्या, म्हणजे थर्माकोलच्याच जातीच्या पण मणी नसलेल्या फोमाच्या, निळ्या किंवा गुलाबी पाट्या घ्या, मापात कापून त्यांना सगळीकडून इपॉक्सी लावा, मगच जागेवर घट्ट बसवा. इपॉक्सीनं त्या विरघळत नाहीत.