वाचकांचे प्रश्न : ‘जैवविविधता वाढवली’ असे कधी लिहावे?

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीच्या अहवालात ‘यंदा 5000 झाडे लावून गावाची जैवविविधता वाढवली’ असे वाक्य आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : झाडे कोणती आणि लावली कुठे, त्यावर ठरेल. सगळी एकाच जातीची, समजा गिरिपुष्पाचीच (ग्लिरिसिडिया) असतील तर ‘झाडांची संख्या वाढली’ एवढेच लिहा. कातळसड्यावर (उघड्या खडकाळ पठारावर) खड्डे काढून, बाहेरची माती भरून लावली असतील तर वाक्य उलटेच करावे लागेल. सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती सड्यावरच्या पातळ, निकस, ओल्या मातीतच तग धरतात. माती चढली, सावली पडली की उंच गवत माजते आणि त्या हटतात. तिथे ‘जैवविविधता घटली’ हेच खरे. (हरित सड्याचे फोटो मात्र झकास येतात!)

‘जैवविविधता’ हा शब्द केवळ प्रजातींपुरता नाही. एकाच प्रजातीतले वाण आणि वेगवेगळे अधिवासही त्यात येतात. म्हणून ‘आंबेमोहर, घनसाळ, काळभात पेरत राहिल्याने भाताची जैवविविधता टिकली’ हे वाक्य चोख आहे. ‘ओढ्यात तीन जैवविविधता सापडल्या’ हे चूक. तिथे ‘तीन प्रजाती’ हवे.

जैविक विविधता अधिनियम, 2002 नुसार गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्यातही ‘भरपूर जैवविविधता आहे’ असे मोघम नको. स्थानिक नाव, जागा, दिसण्याचा महिना आणि गावातला वापर लिहा.