'टर्न'ला पाळी म्हणावं की टप्पा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'आम्ही चार मित्र डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट घडवण्याचा खेळ मराठीतून खेळतो आणि ती गोष्ट चालवणारा सूत्रधार मी असतो. इन-गेम टाइमला, म्हणजे खेळातल्या पात्रांचा जो वेळ जातो त्याला, मी "खेळाची वेळ" म्हणतो. टर्न आणि राउंड दोन्हींना "पाळी" म्हणतो. दोन्ही ठिकाणी घोटाळा होतो. दुसरे शब्द आहेत का? आणि वेळेचा "मागोवा ठेवणे" हे बरोबर आहे का?'

आधी 'खेळाची वेळ'. हा शब्दप्रयोग मराठीत केव्हाच दुसऱ्या कामाला लागला आहे. सर्कस, सिनेमा, तमाशा यांचे 'खेळ' होतात आणि त्यांच्या 'खेळाच्या वेळा' फलकावर लागतात. त्यामुळे 'खेळाची वेळ काय?' असं विचारलं की मित्र मनगटाकडेच बघणार. 'गोष्टीतला' हे विशेषण लावा, निम्मा घोटाळा तिथेच मिटेल. तुम्ही टेबलाभोवती बसून घडवता ती गोष्टच आहे, आणि 'गोष्टीत किती वेळ गेला?' हे कुणालाही फोड न करता कळतं.

उरलेला निम्मा घोटाळा 'वेळ' या शब्दानेच सोडवून ठेवला आहे, आपलं तिकडे लक्ष जात नाही इतकंच. 'वेळ' पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही. तो वेळ जातो, लागतो, पुरतो, म्हणजे तो अवधी. ती वेळ येते, होते, टळते, म्हणजे तो नेमका क्षण किंवा प्रसंग. 'निघायची वेळ झाली' आणि 'निघून खूप वेळ झाला' यांत 'वेळ'चं लिंग बदललं आहे, पण कुणाचा गोंधळ होत नाही. विभक्तीतही हा भेद बराचसा टिकतो: 'थोड्या वेळाने' परत या, पण 'ठरल्या वेळेला' या. सूत्रधाराला नेमके हेच दोन प्रश्न सारखे पडतात. कुलूप उघडायला किती वेळ लागला? आणि बाहेर आता कोणती वेळ आहे, उजाडलं का? एकाच शब्दात ही सोय असणं मला फार मोलाचं वाटतं. ऋतू, वर्षं, पिढ्या अशा मोठ्या पल्ल्यासाठी 'काळ' आहेच. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' या म्हणीत 'काळ' मृत्यू होऊन येतो, आणि 'वेळ' तिथे स्त्रीलिंगीच आहे, कारण ती घटका भरायची राहिली होती.

आता टर्न. इथे दोष तुमच्या भाषांतराचा नाही, मूळ शब्दातच गाठ आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. त्याच्या जुन्या नियमांत पात्रं भुयार धुंडाळत असताना एक टर्न म्हणजे गोष्टीतली १० मिनिटं. लढाईतला राउंड याहून पुष्कळ लहान, आणि त्याचं मापही आवृत्तीप्रमाणे बदलत गेलं: कुठे १ मिनिट, कुठे १० सेकंद. २०१४च्या नियमांत राउंड ६ सेकंदांचा आहे आणि टर्न म्हणजे त्या राउंडमध्ये प्रत्येकाला मिळणारी संधी. म्हणजे एकच शब्द आधी अवधी होता, नंतर क्रम झाला. तुमच्या टेबलावर दोन्ही पिढ्यांचे नियम मिसळले असतील तर एका 'पाळी'ने भागणार नाही.

'पाळी' क्रमासाठीच राखून ठेवा. रात्रपाळी, पाणी भरायची पाळी, 'आता तुझी पाळी': या सगळ्यांत आळीपाळीने येण्याचा अर्थ आहे, मिनिटांचा नाही. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या की एक 'फेरी' पुरी होते, म्हणून राउंडला फेरी. यात फार खल करण्यासारखं काही नाही.

दहा मिनिटांच्या टर्नला मात्र मी 'टप्पा' सुचवेन. 'घटका' हा शब्द पटकन सुचतो, मलाही तोच आधी सुचला होता. पण घटका म्हणजे २४ मिनिटं. दिवसाच्या ६० घटका, एका घटकेची ६० पळं. बोलताना आपण 'घटकाभर टेका' असं सैल म्हणतो, पण हिशेबाच्या वहीत ज्या शब्दाचं माप ठरलेलं आहे त्याच्यावर दुसरं माप लादू नये. टप्प्याचं तसं नाही. टप्पा म्हणजे वाटेचा एक तुकडा आणि तो चालून जाण्याचा अवधी, दोन्ही एकत्र. एसटीचं भाडं टप्प्यावर मोजतात, एक टप्पा ६ किलोमीटरचा. जुन्या नियमांतला टर्न हुबेहूब असाच आहे. १९८१च्या नियमांत अंगावर ओझं नसलेला माणूस सावधपणे, नकाशा काढत एका टर्नमध्ये १२० फूट जातो. अंतर आणि वेळ एकाच मापात बांधलेले. मशाल ६ टर्न जळते, म्हणजे एका मशालीचे सहा टप्पे. दर दोन टप्प्यांनी सूत्रधार फासा टाकून बघतो की भटकं संकट समोर येतं का. 'अजून दोन टप्पे, मग मशाल विझेल' हे वाक्य ऐकताना अंधार जवळ आल्यासारखा वाटतो. 'अजून दोन पाळ्या' म्हटलं की तसं काही होत नाही.

'मागोवा ठेवणे' बदला. मागोवा घेतात, ठेवत नाहीत, आणि तो होऊन गेलेल्या गोष्टीचा घेतात. वेळेचा 'हिशेब' ठेवतात. हा शब्द इथे अर्थानेही बसतो, कारण वेळ हा इथे तेलासारखा आणि शिधासामग्रीसारखा खर्च होतो. सूत्रधारांसाठी १९७९ साली आलेल्या पुस्तकात गायगॅक्सने काटेकोर कालनोंदीचा आग्रह ठळक मोठ्या अक्षरांत धरला आहे. त्याच्यासमोर एकाच जगात खेळणारे अनेक गट होते. एक गट महिनाभर पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला, तर खजिना आधी कुणी नेला हे ठरवायचं कसं? तुम्ही चौघेच असलात तरी जखमा भरायला किती दिवस लागले, हे वहीशिवाय कुणाच्या लक्षात राहत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण रात्रीच्या मुक्कामासाठी 'प्रहर' नक्की वापरून बघा. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार, प्रत्येक सरासरी तीन तासांचा. 'दुपार' हा शब्द दोन प्रहरांतूनच आला आणि 'पहारा'ही त्याच घरातला. तुम्ही चौघं आहात, म्हणजे खेळणारे तिघं आणि सूत्रधार. त्या तिघांच्या पात्रांसोबत एखादा वाटाड्या दिलात तर रात्रीचे चार प्रहर चौघांना नेमके पुरतात. 'तिसऱ्या प्रहराचा पहारा कुणाचा?' असं विचारताना दोन्ही शब्दांचं नातं कानाला जाणवतं.

आणि गोष्टीतल्या दिवसांना काल्पनिक महिन्यांची नावं द्यायचीच असतील तर द्या, पण तिथी ठेवा. तिथीत तारखेबरोबर उजेडही कळतो. संकष्टीला चंद्र उगवायची वाट पाहत जेवण थांबवलेल्या घरात वाढलेल्यांना वद्य चतुर्थीचा चंद्र कधी येतो हे वेगळं सांगावं लागत नाही. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा त्या सुमारास उगवतो. चोरपावलांनी गडावर चढायचं असेल तर कोणती रात्र निवडावी, हे खेळणारे स्वतःच ठरवतील.

मग वहीतली ओळ अशी होईल: 'वद्य अष्टमी, रात्रीचा पहिला प्रहर, मशाल दुसरी, टप्पा चौथा.' हा टप्पा संपला की मशाल आणखी दोन टप्पे जळेल, आणि चंद्र उगवायला अजून एक प्रहराहून जास्त वेळ आहे.