रुग्णांचा सहभाग : समितीतील खुर्ची आणि त्यापुढचे काम

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या प्रशासनात काम करते. गेल्या वर्षी आम्ही रुग्णांचे दोन प्रतिनिधी घेऊन सल्लागार समिती नेमली. बैठका वेळेवर होतात, इतिवृत्तही लिहिले जाते; परंतु प्रतिनिधी क्वचितच बोलतात आणि त्यांच्या बोलण्यातून काही बदलल्याचे स्मरत नाही. आमची निवड चुकली की पद्धत?

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोष पद्धतीत असावा असे वाटते. विषयपत्रिका प्रशासनाने ठरवलेली, कागदपत्रे वैद्यकीय परिभाषेतली आणि निर्णय बहुधा बैठकीच्या आधीच झालेला, अशा स्थितीत डॉक्टर व अधिकाऱ्यांनी भरलेल्या खोलीत बसलेल्या दोन व्यक्तींनी नेमके काय बोलावे, असा प्रश्न आपण स्वतःलाच विचारून पाहावा. शेरी अर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासिकेने १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. लोकांना माहिती देणे, त्यांचा सल्ला विचारणे आणि त्यांना समितीत स्थान देऊन शांत करणे या मधल्या तीन पायऱ्यांना त्यांनी केवळ नाममात्र सहभाग मानले, कारण तेथे लोकांचे म्हणणे ऐकले जाते, मात्र ते विचारात घेतलेच जाईल याची हमी कोणी देत नाही. आपली समिती सध्या याच पायऱ्यांवर अडकलेली दिसते.

यातून बाहेर पडण्यासाठी रुग्णाला काय दिसते, ज्याची जाणीव कर्मचाऱ्यांना नसते, येथून सुरुवात करावी. नोंदणी, बाह्यरुग्ण विभाग, प्रयोगशाळा, वॉर्ड, शस्त्रक्रियागृह, औषध विभाग आणि डिस्चार्ज हा संपूर्ण प्रवास एकट्या रुग्णाने व त्याच्या नातेवाइकांनी केलेला असतो. बाकी प्रत्येकाला आपापला टप्पाच माहीत असतो. त्यामुळे दोन विभागांच्या मधल्या जागेत जे हरवते, म्हणजे न पोहोचलेला अहवाल, पुन्हा पुन्हा सांगावा लागणारा पूर्वेतिहास किंवा घरी गेल्यावर कोणत्या गोळ्या बंद करायच्या याविषयीचा गोंधळ, ते सर्वांत आधी रुग्णाच्या लक्षात येते. अशा प्रतिनिधीला वार्षिक अंदाजपत्रकावर मत विचारणे हा त्याच्या अनुभवाचा अपव्यय आहे. त्याच्याकडे डिस्चार्जचा कागद द्यावा आणि तो नव्याने लिहिण्याचे काम परिचारिका व औषधनिर्मात्यासह त्याच्यावर सोपवावे.

इंग्लंडमधील ल्यूटन अँड डन्स्टेबल रुग्णालयात २००५ च्या सुमारास पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट या संशोधकांनी डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांबरोबर याच दिशेने काम केले. रुग्णांच्या मुलाखती चित्रित करण्यात आल्या, कर्मचाऱ्यांचे अनुभवही स्वतंत्रपणे ऐकले गेले, आणि त्यानंतर दोन्ही गटांनी एकत्र बसून कोणत्या गोष्टी आधी बदलायच्या हे ठरवले. पुढे लहान संमिश्र गटांनी एकेक काम हाती घेतले. या पद्धतीचे बळ तिच्या क्रमात आहे. रुग्ण आधी आपल्यासारख्या इतरांशी बोलतात, त्यामुळे आपला अनुभव ही एकट्याची कुरबुर नाही हे त्यांना उमगते. आणि कर्मचाऱ्यांनाही आपल्या थकव्याविषयी बोलण्याची जागा मिळाल्याने ते समोरच्याचे बोलणे आरोप म्हणून ऐकत नाहीत. हा दुसरा भाग अनेक ठिकाणी वगळला जातो, आणि मग पहिल्याच संयुक्त बैठकीत वाद होऊन उपक्रम थांबतो. निघणारे बदल अनेकदा किरकोळ वाटतील असे असतात, उदाहरणार्थ वजनकाटा सर्वांसमोरून हलवून आडोशाला ठेवणे. आजाराने खंगलेल्या माणसाला मात्र तो बदल किरकोळ वाटत नाही.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. आलेल्या प्रत्येक सूचनेचे काय झाले हे ठरावीक मुदतीत लेखी कळवावे, आणि ती नाकारली असेल तर कारणही द्यावे. सकारण नकार माणसे स्वीकारतात. उत्तरच न आल्यास पुढच्या बैठकीला येणे थांबवतात.

प्रश्न : आमच्या परिसरातील रुग्णालयाच्या लोकसहभागाच्या बैठकांना नेहमी तेच निवृत्त, सुशिक्षित नागरिक दिसतात. रोजंदारीवर काम करणारे, एकटे वृद्ध, अपंग व्यक्ती कधीच येत नाहीत. असा सहभाग प्रातिनिधिक कसा मानावा?

उत्तर : मानू नये. आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात व अंमलबजावणीत वैयक्तिक आणि सामूहिकरीत्या सहभागी होणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे प्राथमिक आरोग्यसेवेवरील आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वीकारलेल्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे. पण कामाच्या वेळेत, जिने चढून जाव्या लागणाऱ्या सभागृहात आणि एकाच भाषेत बैठक घेतली की हा हक्क कोणाला बजावता येणार हे आपोआप ठरून जाते. निवृत्तांना दोष देण्याचे कारण नाही, ते निदान वेळ देतात. उणीव भरून काढायची तर रुग्णालयाने लोकांकडे जावे : ज्या ठिकाणी ते आधीच एकत्र जमतात तेथे, त्यांच्या विश्वासातल्या व्यक्तीला सोबत घेऊन, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारत. बुडालेल्या मजुरीची व प्रवासखर्चाची भरपाई द्यावी. बैठकीतल्या इतर सर्वांना त्या वेळेचा पगार मिळत असताना एकट्या रुग्णाकडून सेवाभावाची अपेक्षा ठेवणे मला न्याय्य वाटत नाही. याखेरीज जे रुग्णालयापर्यंत पोहोचलेच नाहीत, किंवा उपचार अर्धवट सोडून गेले, त्यांचे म्हणणे कोणत्याही प्रतिक्रिया-अर्जात सापडणार नाही. ते समजून घेण्यासाठी वस्तीतले आरोग्य कार्यकर्ते हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

प्रश्न : माझे वडील रुग्णालयात असताना काही गोष्टी खटकल्या, तरीही मी समाधानाच्या अर्जात सर्वत्र ‘उत्तम’ लिहिले, कारण तक्रार केल्यास त्यांच्याकडे दुर्लक्ष होईल अशी भीती वाटली. ही भीती अनाठायी होती का?

उत्तर : ती अत्यंत स्वाभाविक होती, आणि अशा अर्जांवर फार विसंबू नये याचे तेच प्रमुख कारण आहे. सेवा देणाऱ्याच्याच हातात खाटेवरून परत द्यायचा अर्ज कृतज्ञतेने किंवा धास्तीने भरला जातो. तो घरी गेल्यानंतर, उपचारांशी संबंध नसलेल्या व्यक्तीमार्फत भरून घ्यावा, आणि ‘आपण समाधानी आहात का’ याऐवजी काय घडले ते विचारावे : औषधाचे दुष्परिणाम समजतील अशा शब्दांत सांगितले का, घंटा वाजवल्यावर कोणी आले का, घरी गेल्यावर अडचण आल्यास कोणाला विचारायचे हे कळले का. अशा उत्तरांतून नेमकी कुठे दुरुस्ती हवी ते दिसते.

न ऐकल्याची किंमत किती मोठी असू शकते हे इंग्लंडमधील स्टॅफर्ड रुग्णालयाच्या प्रकरणात दिसले. तेथील हेळसांडीविरुद्ध मृत रुग्णांच्या नातेवाइकांनी २००७ पासून संघटित आवाज उठवला. पुढे सार्वजनिक चौकशी होऊन फेब्रुवारी २०१३ मध्ये २९० शिफारशींचा अहवाल आला, आणि रुग्णांचे म्हणणे पुरेसे ऐकले गेले नाही हा त्यातील एक ठळक निष्कर्ष होता. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात रायन सॉन्डर्स हे बालक २००७ मध्ये दगावले. मुलाची प्रकृती ढासळत असल्याची आईवडिलांची चिंता गांभीर्याने घेतली गेली नव्हती. त्यानंतर तेथे ‘रायनचा नियम’ लागू झाला. त्यानुसार नातेवाइकाने आधी परिचारिकेशी किंवा डॉक्टरांशी बोलावे, समाधान न झाल्यास पाळीवरील प्रमुख परिचारिकेशी बोलावे, आणि तरीही चिंता कायम राहिल्यास दूरध्वनी करून रुग्णाची स्वतंत्र तपासणी मागावी. इंग्लंडमध्येही २०२४ पासून ‘मार्थाचा नियम’ या नावाने अशीच व्यवस्था टप्प्याटप्प्याने सुरू करण्यात आली.

आपल्या वडिलांना पुन्हा दाखल करावे लागल्यास पहिल्याच दिवशी वॉर्डात दोन गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात : प्रकृती बिघडल्यासारखी वाटल्यास रात्री कोणाला सांगायचे, आणि त्या व्यक्तीने दाद दिली नाही तर तिच्या वर कोण. त्या वेळी खटकलेल्या गोष्टी आताही लिहून पाठवता येतील. पत्रात तारीख, वेळ आणि घडलेली घटना एवढेच असावे, व्यक्तींच्या हेतूंविषयी तर्क नसावेत, आणि शेवटी लेखी उत्तराची मागणी असावी.