मूत्रपिंड प्रत्यारोपणातील संशोधन : सर्जनच व्हावे लागते का?

अंबाजोगाईला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात असतानाच तुम्ही हे विचारले, ते बरे झाले. पदव्युत्तर शाखा घेऊन झाल्यावर विचारणारेच अधिक भेटतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणात संशोधन करायचे तर सर्जनच व्हावे लागते का, आणि मराठवाड्यात राहून ते जमेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर 'नाही' असे आहे.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले आणि ते चालले, कारण ते दोघे एकसारखे जुळे होते. रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र हाती आले होते. परके मूत्रपिंड शरीर नाकारते त्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र तसाच होता. त्यावर मूलभूत काम करणारे पीटर मेदावर हे प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांच्याकडे काही काळ काम केलेले पॉल तेरासाकी यांची पीएचडीही प्राणिशास्त्रातलीच. दात्याच्या पेशींवर हल्ला करणारी प्रतिद्रव्ये रुग्णाच्या रक्तात आधीपासूनच आहेत का, हे पाहणाऱ्या क्रॉसमॅच या चाचणीवरील पटेल आणि तेरासाकी यांचा १९६९ चा लेख तुम्ही अवश्य वाचा. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह (म्हणजे अशी प्रतिद्रव्ये सापडलेल्या) ३० पैकी २४ मूत्रपिंडे लगेच निकामी झाली, तर निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी केवळ ८, एवढा साधा हिशेब त्यात आहे. पण नोंदी नीट राखल्या होत्या म्हणूनच तो मांडता आला, आणि आज क्रॉसमॅच पाहिल्याशिवाय सहसा कोणी शस्त्रक्रियेची तारीख देत नाही.

सर्जन असलेल्या संशोधकाची कारकीर्द पाहायची असेल, तर रॉय काल्न यांची पाहावी. लंडनमध्ये विद्यार्थी असताना मूत्रपिंड निकामी झालेल्या एका तरुण रुग्णाबाबत 'आता काही करता येण्यासारखे नाही' हे उत्तर त्यांना मिळाले, आणि ते त्यांनी मनावर घेतले. सुरुवातीला त्यांनी किरणोत्सर्गाने प्रतिकारशक्ती दाबून पाहिली. ते साधले नाही. मग ६-मर्कॅप्टोप्युरिन या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाने सशांमध्ये प्रतिकारशक्ती दबते, हे १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेले काम त्यांच्या पाहण्यात आले आणि त्यांनी ते कुत्र्यांमधील मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरले. पुढे मरे यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ॲझाथायोप्रिन या त्याच प्रकारच्या औषधावर काम केले, आणि १९७८ मध्ये केंब्रिजहून त्यांचा, सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे नवे औषध घेतलेल्या पहिल्या रुग्णांचा वृत्तांत आला. त्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: प्राण्यांमध्ये न दिसलेला दोष, म्हणजे हे औषध मूत्रपिंडालाच अपाय करते हा, रुग्णांमध्ये दिसला आणि त्यांनी तो लिहिला. माझ्या मते त्यांच्या कीर्तीचा निम्मा भाग या लिहिण्याचा आहे. दोन दशके प्रश्न एकच राहिला. औषधे, शहरे आणि सहकारी बदलत गेले.

पदव्यांबद्दल थोडक्यात सांगतो. एमडी मेडिसिननंतर डीएम नेफ्रॉलॉजी (मूत्रपिंडविकार) किंवा एमएसनंतर एमसीएच युरॉलॉजी (मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया) हे रुळलेले मार्ग आहेत. बायोप्सी वाचणारा पॅथॉलॉजिस्ट आणि एचएलएची, म्हणजे दाता आणि रुग्ण यांच्या ऊती किती जुळतात हे तपासणारी, प्रयोगशाळा चालवणारा इम्युनॉलॉजिस्ट यांची मात्र सगळीकडेच वानवा आहे.

आता मराठवाड्याचे. छत्रपती संभाजीनगरला प्रत्यारोपणे होतात, अवयवदानाचे विभागीय समन्वय केंद्रही तेथे आहे. तरी आपल्याकडचे पुष्कळ रुग्ण पुण्या-मुंबईला, नांदेड-लातूरकडचे काही जण हैदराबादला जाऊन शस्त्रक्रिया करून येतात आणि पुढची वर्षे गावीच काढतात. त्या वर्षांत काय घडते, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राला पुरते कळत नाही. ते आपल्याला दिसते, आणि संशोधनाचा कच्चा माल तोच आहे.

एक उदाहरण देतो. प्रत्यारोपणानंतर रोज घ्यायच्या टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी (लेव्हल) सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे आदल्या रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी तपासायची असते. केजहून किंवा गेवराईहून पहाटेची एसटी पकडणारा रुग्ण घरातून निघतानाच गोळी घेतो, कारण 'औषध चुकवू नका' हे त्याच्या मनावर पक्के बिंबलेले असते. दहाच्या सुमारास रक्त घेतले की लेव्हल जास्त येते, डॉक्टर डोस कमी करतात आणि रिजेक्शनची, म्हणजे शरीराने मूत्रपिंड नाकारण्याची, वाट मोकळी होते. रिपोर्टवर यातले काहीच दिसत नाही. क्षयरोगाचेही तसेच: रिफॅम्पिसिन हे क्षयाचे औषध सुरू झाले की टॅक्रोलिमसची लेव्हल घसरते, आणि क्षयाचे औषध तालुक्याच्या ठिकाणी सुरू झाल्याचे मूळ केंद्राला कळवलेलेच नसते. उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी होऊन वाढणारे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे दाखवणारा रक्तातला घटक) आणि ऊसतोडीच्या हंगामात सुटणारा फॉलोअप, हेही अभ्यासाचे स्वतंत्र विषय आहेत.

तेव्हा तुमच्या विभागप्रमुखांशी बोला, एथिक्स कमिटीची परवानगी घ्या आणि प्रत्यारोपण होऊन परत आलेल्या रुग्णांची नोंदवही सुरू करा. तीत शस्त्रक्रियेची तारीख, दात्याशी नाते, क्रिएटिनिन, चालू असलेली इतर औषधे हे सारे असावेच. शिवाय शेवटची गोळी घेतल्याची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने पहिल्या पानापासून आखा, कारण सहा महिन्यांनी रुग्णाला विचारून ते भरता येणार नाहीत.